वहिनी माझ्या बाजूनं बोलल्या नाहीत

दादाचा फोन आला तेव्हा मी म्युनिकच्या घाऊक भाजीबाजारात होतो. भेंडीच्या खोक्यांवरून एका तुर्की व्यापाऱ्याशी घासाघीस चालली होती. वरचा थर कोवळा आणि खालची सगळी भेंडी जून, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. दादा एवढंच म्हणाला, "गेली रे." मी म्हणालो, "बरं." फोन खिशात टाकला आणि तो व्यापारी जो भाव सांगत होता त्या भावात सगळी खोकी उचलली. तो माझ्याकडे पाहतच राहिला. बार्शीच्या आडतबाजारात वाढलेला माणूस मी; पहिल्या भावाला हो म्हटल्याचं मला आठवत नाही. त्या सकाळी म्हटलं, आणि जून भेंडी घेऊन इंगोलश्टाटला माझ्या दुकानात परत आलो.

वसुधा वहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून आला, तेव्हा लग्न होऊन त्याही नाशिकहून त्याच्याबरोबर आल्या. तिकडे मानसशास्त्रात एम. ए. झालेल्या. इथे त्या पदवीला कुणी विचारेना, म्हणून भाषा शिकून, पुन्हा पहिल्या वर्गापासून सुरुवात करून त्या सोशल वर्कर झाल्या आणि निवृत्त होईपर्यंत गावातल्या एका समुपदेशन केंद्रात काम करत राहिल्या. तिथे सगळ्या देशांची माणसं येत. सीरियाची, इरिट्रियाची, अफगाणिस्तानची, रशियातून परतलेले जर्मन, आणि आपली पुण्या-मुंबईची आयटीवाली मंडळीही. वहिनींवर काही लिहा, असा एका मराठी वृत्तपत्राच्या पुरवणीकडून निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची रीत आहे आणि माझं वहिनींशी भांडण होतं. ते मिटलं नाही. माझी मुलगी मुक्ता माझ्याशी बोलत नाही. का बोलत नाही, हे वहिनींना ठाऊक होतं. मला नाही. आणि शेवटपर्यंत त्यांनी मला ते सांगितलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल जे चांगलं लिहीन ते तुम्ही खरं मानाल.

मी दादाच्या मागोमाग या देशात आलो. शिक्षण बेताचं, त्यामुळे एका हॉटेलात भांडी घासण्यापासून सुरुवात. रविवारी दादाकडे जेवायला जायचो. पहिल्याच रविवारी वहिनींनी पुरणपोळी केली होती. एक वाढली, ती संपल्यावर दुसरी घेऊन आल्या आणि विचारलं, "आणखी?" मी रीतीप्रमाणे म्हणालो, नको नको, भरपूर झालं. वहिनी "बरं" म्हणाल्या आणि पोळी घेऊन आत गेल्या. मी रिकाम्या ताटाकडे बघत बसलो. आपल्याकडे पहिलं नको तोंडदेखलं असतं, दुसरं लाजेचं, आणि तिसऱ्याला पोळी पानात पडतेच. या बाईनं पहिल्याच नकोवर विश्वास ठेवला. खोलीवर जाऊन मी पाव खाल्ला. पुढे कळलं की गावातली सगळी मराठी मंडळी वहिनींच्या घरून अशीच अर्धपोटी परततात. हेर्त्सोगेनआउराख गावचं एक कुटुंब तर त्यांच्याकडे यायचं असलं की घरून थोडं खाऊनच निघायचं. जर्मन पाहुणे मात्र खूश असत. लहानपणी लग्नाच्या पंगतीत वहिनींना एका मावशीनं आग्रह करकरून इतकं वाढलं होतं की त्या आजारी पडल्या. तेव्हापासून म्हणे त्यांनी ठरवलं होतं, आपल्या घरात कुणाला दुसऱ्यांदा विचारायचं नाही. दादा मला म्हणाला, "हिच्या घरात खरं बोल, पोट भरेल." मी लवकरच "द्या" म्हणायला शिकलो.

पुढे त्यांनी मनोविश्लेषणाचं शिक्षण घेतलं. मला जे समजलं ते असं, की माणूस बोलतो त्याच्याखाली त्याला स्वतःलाही न कळणारं काही असतं, लहानपणापासून साचत आलेलं, आणि ते ऐकायला शिकायचं. पण त्यासाठी आधी आपणच दुसऱ्यासमोर कोचावर आडवं पडून बोलायचं, वर्षानुवर्षं. वहिनी नोकरी सांभाळून गाडीनं म्युनिकला जायच्या. तोवर मी दुकान टाकलं होतं. मी त्यांना छेडायचो, की वहिनी, बोलायचंही तुम्हीच आणि वर पैसेही तुम्हीच द्यायचे, हा कुठला धंदा? त्या हसायच्या. म्हणायच्या, "भावजी, तुमच्या दुकानात बोलून झाल्यावर माणूस शेवया तरी घेऊन जातो. मी नुसती रडून येते." कधी वैतागलेल्या असायच्या. स्वप्नं मराठीत पडतात आणि सांगावी लागतात जर्मनमध्ये. कुणी मीठमोहऱ्या ओवाळतंय असं स्वप्न पडलं, तर ओवाळणं म्हणजे काय हे समजावण्यातच सगळा वेळ संपायचा, आणि तोवर स्वप्न विझून गेलेलं असायचं. समोरचे म्हातारे डॉक्टर त्यातून अर्थ काढायचे. कधी तो इतका बरोबर असायचा की वहिनी स्टेशनवर येऊन बसून राहायच्या, गाडी सोडून द्यायच्या. कधी तो साफ चुकायचा. पण चुकलाय म्हटलं की डॉक्टर समजुतीनं मान हलवायचे. बाई नाकारते आहे, म्हणजे नेमकं तिथंच दुखतंय, असा त्यांचा हिशेब.

वहिनींचं त्या शास्त्राशी भांडण लागलं ते इथं. भांडण घरातल्या माणसाशी असतं तसं. सोडून जाण्याचं नव्हतं. त्या शास्त्राच्या जुन्या पुस्तकांत समोरच्याचं 'नाही' पुष्कळदा 'हो' धरलेलं असतं, असं त्यांनी मला एकदा स्वयंपाकघरात सांगितलं. मला ते फार पटलं. मी म्हणालो, बरोबरच आहे की, गिऱ्हाईक नाही म्हणालं की तिथून तर सौदा सुरू होतो. वहिनी पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं.

"तुमचं गिऱ्हाईक उठून शेजारच्या दुकानात जाऊ शकतं ना?"

"जातं की. कितीदा गेलंय."

"माझ्याकडे आलेली बाई जाऊ शकत नाही, भावजी. तिला शाळेनं पाठवलेलं असतं, नाहीतर कोर्टानं. मी काय म्हणते यावर तिची मुलं तिच्याजवळ राहणार का, हे ठरू शकतं. ती नाही म्हणाली आणि मी तिथून सौदा सुरू केला, तर तिनं करायचं काय?"

 अडचणीत आलो की मी विषय बदलतो, तो बदलला.

त्या हे कसं पाळत, ते मला त्यांच्याकडून कधीच कळलं नसतं. कामातलं अक्षरही त्या घरी आणत नसत. कळलं ते माझ्या दुकानात मसाले भरायला येणाऱ्या एका इरिट्रियाच्या बाईकडून. तिचं नाव बदलतो, सेलाम म्हणू. लिहू का, असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, लिही. सेलामचा नवरा इकडे येताना वाटेत वारला. ती लहान मुलीला घेऊन एकटी पोचली. रोज संध्याकाळी ती जेवायला तीन ताटल्या मांडायची, त्यातली एक नवऱ्याची. मुलीनं बालवाडीत सांगितलं की बाबा रोज आमच्याबरोबर जेवतो. बालवाडी हादरली आणि मायलेकी समुपदेशन केंद्रात आल्या. तिथल्या बैठकीत बाहेरून आलेले एक मोठे तज्ज्ञ होते. कागद वाचून ते म्हणाले, हिनं नवऱ्याचं मरण मनात शिरूच दिलेलं नाही, आणि तो भार मुलीवर पडतो आहे. दुभाष्यानं ते सेलामला सांगितलं. ती म्हणाली, नाही, तो मेला हे मला माहीत आहे, मी माझ्या हातानं त्याच्यावर माती लोटली आहे. तज्ज्ञांनी ते ऐकलं आणि म्हणाले, बघा, किती जोरात नाकारते आहे. तिथं एक तरुण, चांगल्या मनाचा मुलगा कामाला होता. त्याला वाईट वाटलं. तो म्हणाला, ही त्यांची संस्कृती आहे, आपण तिचा मान ठेवायला हवा.

सेलाम सांगते, दोघंही तिच्याबद्दल बोलत होते आणि दोघांपैकी कुणीच तिच्याकडे बघत नव्हतं. मग वहिनींनी दुभाष्याला थांबवलं आणि त्याच्याकरवी तिलाच विचारलं, तुमच्याकडे असं करतात का? सेलाम म्हणाली, कुणी करत नाही, मीच करते. त्या तरुण मुलाचा चेहरा पडला. वहिनींनी पुढे विचारलं, नाही मांडली ती ताटली तर काय होईल? सेलाम म्हणाली, काही नाही, मला धुवायला एक ताटली कमी होईल. एवढंच. वहिनींनी बैठकीला सांगितलं की बाई म्हणते आहे ते तसंच लिहा, तिच्या शब्दांत, आणि त्याचा अर्थ तिच्याशी बोलल्याशिवाय कुणी काढायचा नाही. आणि हे मान्य नसेल तर मी इथून उठते. सेलामची मुलगी तिच्याजवळच राहिली. पुढे पुष्कळ दिवस सेलाम वहिनींकडे बोलायला जात होती. ती ताटली ती अजून कधी मांडते, कधी नाही.

हे ऐकून मी वहिनींकडे गेलो आणि म्हणालो, पितृपक्षात आपण काय करतो ते त्या तज्ज्ञाच्या तोंडावर का नाही फेकलंत? त्या म्हणाल्या, तुम्ही कुणाबद्दल बोलताय मला माहीत नाही. मी म्हणालो, ठीक आहे, कुणाबद्दलच नाही, नुसतं असं विचारतो. तेव्हा म्हणाल्या, अशा वेळी मला पितृपक्षातलं सासऱ्यांचं पान आठवतंच. ते आठवलं की तोंड मिटून घ्यायचं, कारण ते माझं असतं, समोरच्या बाईचं नसतं. इतकी वर्षं आडवं पडून मी तेवढं शिकले... कुणाचं ऐकताना आपल्या आत काय हललं ते ओळखायचं, आणि ते तिच्या गळ्यात घालायचं नाही.

परक्या बाईसाठी भर बैठकीत उठून जाण्याची तयारी असलेली अशी ही बाई. म्हणून मला वाटलं होतं, माझी वेळ आली की माझ्यासाठीही बोलेल.

मुक्ता शाळेत असताना माझी बायको शैला आजारी पडून गेली. मी दुकानात असायचो. मुक्ता शाळेतून परस्पर काकूकडे जायची, तिथंच जेवायची, तिथंच अभ्यास करायची. दादा-वहिनींना मूल नाही. वहिनी तिच्याशी मराठी बोलायच्या, ती जर्मनमधून उत्तर द्यायची, आणि दोघींचं तासन्‌तास चालायचं. माझ्याशी मात्र तिचं बोलणं कामापुरतं. शिकली, बाड हॉम्बुर्गला चांगल्या कंपनीत लागली. मला वाटलं, झालं आपलं काम. मग एका दिवाळीला घरी आली असताना जेवताना शैलाच्या आजारपणाचा विषय निघाला. ती काहीतरी म्हणाली, मी काहीतरी म्हणालो. माझा आवाज चढतो, हे सगळ्या बाजाराला माहीत आहे. ती पानावरून उठली, बॅग घेतली आणि गेली. मला वाटलं, चार दिवसांचा राग आहे. तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही. वाढदिवसाला मेसेज टाकला की आभाराचं "डांके, बाबा" एवढं येतं. काकूकडे मात्र यायची. मी गावात नसेन असे दिवस बघून यायची, हे मला नंतर कळलं.

मी वहिनींकडे गेलो. काय झालंय तिला, विचारलं. त्या म्हणाल्या, तिनं मला विश्वासानं सांगितलंय, मला सांगता येणार नाही. इथं मी माझ्या धंद्यावर आलो. सगळं नको, निम्मं सांगा. निम्मं नको, शैलाबद्दल आहे की माझ्याबद्दल एवढं सांगा. तोंडानं नको, मी बोलतो, तुम्ही मान हलवा.

"मान हलवणं म्हणजे सांगणंच, भावजी."

"मग माझ्या बाजूनं तिच्याशी बोला तरी. तिकडे कोण कुठल्या बायकांसाठी भांडता."

"त्यांच्या बाजूनं मी भांडले नाही. त्या म्हणतात ते ऐकलं जावं एवढ्यासाठी भांडले. मुक्ता म्हणते ते मी ऐकते. तुम्ही म्हणाल तेही ऐकेन."

"मी काय म्हणणार? मला काही माहीतच नाही."

"मग तेच म्हणा ना."

माझा तोल गेला. मी म्हणालो, मला तुमचा पेशंट समजू नका. आणि एवढं कळतं ना तुम्हाला माणसांच्या मनातलं, तर सांगाच, माझ्या डोक्यात काय आहे ते. दादा आतून येऊन दारात उभा राहिला. वहिनींनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "तुम्ही विचारायला आलेला नाहीत, भांडायला आला आहात. भांडा. मी आहे इथं." ज्याला भांडता येतं त्याच्यासमोर असं कुणी बसून राहिलं की काय करायचं, ते मला येत नाही. मी निघून आलो. त्यानंतर बरेच महिने मी त्या घरात पाऊल टाकलं नाही. दादाच्या हाती भाजी मात्र पाठवत होतो, आणि वहिनी ती घेत होत्या. मेथी निवडताना नावं ठेवतात, असं दादा सांगायचा. तेवढं आमचं बोलणं चालू होतं.

त्यांचं दुखणं कळलं तेव्हा ते फार पुढे गेलं होतं. मी हॉस्पिटलमध्ये जायला लागलो. भांडणाचा विषय दोघंही काढत नव्हतो. त्या दुकानाचं विचारायच्या, मी बाजारातल्या लबाड्या सांगायचो. शेवटची भेट झाली ती एका दुपारी. दादा कॉफी घ्यायला खाली गेला होता. वहिनी छताकडे बघत होत्या आणि अचानक म्हणाल्या, तुम्हाला एक सांगते, नाव विचारू नका. मी विचारलंच, पण नाव मिळालं नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांच्याकडे एक मराठी मुलगी आली होती, नुकतं लग्न होऊन इकडे आलेली. बोलत नव्हती, जेवत नव्हती. वहिनी म्हणाल्या, सीरियाची बाई समोर असली की मी एकेक शब्द चाचपून पुढे जायचे. ही आपली. हिची भाषा माझी, हिच्या गळ्यातलं माझ्या गळ्यातलं, तिकडून फोन येऊन गेला की हिचा हात पदराशी कसा चाळा करतो ते मी लहानपणापासून पाहिलेलं. मला वाटलं, हिला काय विचारायचं, हिचं मला माहीतच आहे. तिला म्हणाले, तुझा राग तुझ्या आईवर आहे, तिनं तुला इतक्या लांब दिलं म्हणून. ती म्हणाली, नाही हो, तसं काही नाही.

"मला वाटलं, हे आपल्याकडचं पहिलं नाही. पुस्तकंही तेच सांगत होती. मी पुन्हा वाढलं. ती पुन्हा नाही म्हणाली. तिसऱ्यांदा ती हो म्हणाली." वहिनींनी पाणी मागितलं, मी दिलं. "मी किती खूश झाले होते, भावजी. वाटलं, पोचले. ती परत आली नाही. पुढे तिच्या नवऱ्याचा फोन आला की ती भारतात गेली. तिला खरं काय होत होतं, ते मला आजपर्यंत माहीत नाही. तिनं मोठ्या बाईचा मान ठेवला, बस. घरात मी कुणाला पोळीचा आग्रह केला नाही... आणि तिथं केला."

त्यानंतर आपल्या माणसांचं काम त्यांनी घेतलं नाही. आलं की दुसऱ्या कुणाकडे सोपवायच्या. आणि घरच्यांच्या बाबतीत तर मी कुणाच्या मनात काय आहे ते बोलणारच नाही, असं ठरवलं, म्हणाल्या. मला समजलं. पण मी लिहितो ते खरं लिहितो, म्हणून हेही लिहितो, की समजलं तरी पटलं नाही. त्या पोरीच्या तिसऱ्या वेळच्या 'हो'ची भरपाई माझ्याकडून का? मी त्या खाटेजवळ बसून पुन्हा विचारलं. दुसरी संधी मिळणार नाही, हे दोघांनाही दिसत होतं आणि मरणाच्या दारातल्या माणसाशी सौदा करू नये एवढं मला कळतं, तरी विचारलं.

"वहिनी, आता तरी सांगा. तुम्ही गेल्यावर मी कुणाला विचारू?"

"मी सांगितलं तर ते माझं होईल. तिच्याकडून ऐका."

"ती बोलतच नाही."

"माहीत आहे मला." त्यांनी डोळे मिटले. "आणि त्यावर माझ्याकडे काहीच नाही, भावजी."

इतक्या वर्षांत 'माझ्याकडे काही नाही' असं त्या मला पहिल्यांदाच म्हणाल्या. मला वाटत होतं, त्यांच्याकडे सगळं आहे आणि त्या अडवून बसल्या आहेत. 

अंत्यविधीला इतकी माणसं आली की विद्युतदाहिनीच्या हॉलमध्ये मावली नाहीत. मला ओळखीचे फारच थोडे चेहरे दिसले. डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका, तगडे अफगाण तरुण, व्हीलचेअरवरची एक म्हातारी जर्मन बाई. सेलाम मुलीला घेऊन आली होती. त्यांतलं कुणी वहिनींबद्दल एकमेकांना काही विचारत नव्हतं. कोण कशासाठी त्यांच्याकडे जात असे, ते आपापल्यापाशी ठेवून सगळे उभे होते. मुक्ता दादाच्या शेजारी होती. तिनं माझ्याकडे पाहून मान हलवली. मी तिच्या दिशेनं दोन पावलं टाकली आणि थांबलो. एवढ्या माणसांत माझा आवाज चढला असता तर? तो चढतो कधी ते मला आधी कळत नाही. विधी संपल्यावर ती दादाबरोबर गाडीत बसून गेली.

महिन्याच्या दिवशी दादानं आम्हा दोघांनाच जेवायला बोलावलं. मी आहे हे कळूनही मुक्ता आली. आल्याबरोबर दादानं तिला वरच्या खोलीत पाठवलं, काकूची पुस्तकं बघ, हवी ती घेऊन जा म्हणून. निवृत्तीनंतर वहिनी त्या खोलीत थोड्या लोकांना भेटत. मी त्या घरात इतक्या वर्षांत सगळीकडे वावरलो, माळ्यावर चढून ट्रंका काढल्या, पण त्या खोलीत कधी गेलो नव्हतो. तिथं माणसं येतात, असं म्हणून वहिनी दार ओढून घेत. मुक्ता बराच वेळ खाली येईना, तेव्हा मी वर गेलो. दार उघडं होतं. छोटीशी खोली. पुस्तकांचं एक कपाट, खिडकीबाहेर शेजाऱ्यांचं सफरचंदाचं झाड, आणि दोन खुर्च्या. समोरासमोर नाहीत. दोन्ही खिडकीकडे तोंड करून, जरा तिरक्या ठेवलेल्या, म्हणजे बोलणाऱ्यानं बाहेर बघत बोलावं, कुणाच्या डोळ्यांत बघायची सक्ती नको. दोन्ही अगदी सारख्या. वहिनी कुठल्या खुर्चीत बसत आणि आलेलं माणूस कुठल्या, ते मला ठाऊक नव्हतं. मुक्ता एकीत बसली होती, मांडीवर न उघडलेलं पुस्तक घेऊन. तिला ठाऊक असणार. मी दुसरीत बसलो.

ती उठून गेली नाही. मी झाडाकडे बघत राहिलो. मग विचारलं, मला जमेल तेवढ्या हळू आवाजात, "मुक्ता, त्या दिवशी काय झालं ते मला माहीत नाही. सांगशील?"

 मला वाटलं, आता जर्मनमध्ये काहीतरी लांबलचक येईल आणि ते मला अर्धवट कळेल. पण ती दोनच शब्द बोलली.

"नॉख निश्ट, बाबा."

अजून नाही. लोकांच्या नकारावर मी उभं आयुष्य पोट भरलं. कुठला नकार कच्चा आहे आणि कुठला पक्का, ते मला समोरच्यानं खोक्यावरून हात काढायच्या आत कळतं. हा मला कळला नाही. यात 'वाट बघ' आहे की 'माझी वाट सोड' आहे... थांबलो तर काही मिळणार आहे की तिनं नुसता बापाचा मान ठेवला. पुन्हा विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. हे फक्त वहिनींना विचारता आलं असतं, आणि त्या असत्या तरी त्यांनी मला ते सांगितलं नसतं.

खालून दादानं पानं घेतल्याची हाक दिली. मुक्ता उठली नाही, म्हणून मीही उठलो नाही.